मांडीवरच्या सुपापर्यंतचं अंतर

महानंदाताई गेल्याचं मला गौरीनं कळवलं. गौरी त्यांची भाची. नवी पेठेतलं चष्म्याचं दुकान गेली काही वर्षं ती ताईंच्या बरोबरीनं सांभाळते. मी दवाखान्याच्या औषध काउंटरवर होते, समोर रांग होती. "मावशी सकाळी गेली... चहा पिता पिता," एवढंच ती बोलली. मी फोन ठेवला. पुढच्या म्हाताऱ्या बाबांच्या पाकिटावर पेनानं सूर्य काढला, दुसऱ्या पाकिटावर चंद्र काढला, आणि कोणती गोळी सकाळची नि कोणती झोपतानाची ते त्यांना सांगितलं. वाचता न येणाऱ्या माणसाला औषध असं द्यायचं, हे मला फार्मसीच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते ताईंकडनं आलं. म्हणजे रडू यायच्या आधी माझ्या हातांनी त्यांचंच काम केलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, आणि एवढ्या दिवसांत कुणापुढं नीट सांगता न आलेलं मी इथं लिहिते आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारो न विचारो, मी हे सांगते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. लपवलं ते दुसरंच. वडील गिरणीत होते हे मी सांगायचे. आई काय करते असं कुणी विचारलं की, "घरी असते," म्हणायचे. तसं ते खोटं नव्हतं, कारण विड्या घरीच वळल्या जातात. सकाळी भाकरी झाल्या की आई मांडीवर सूप घ्यायची, आणि त्या सुपातल्या पानांवर, तंबाखूवर नि दोऱ्यावर मी बी. फार्म. झाले. पण लग्नानंतर आडनाव बदललं, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि आई कोण हे कुणाला कळायचं कारण उरलं नाही. मीही ते कारण तयार केलं नाही.

अशा वेळी मी आमच्या क्लबात गेले. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या महिलांचा क्लब. डॉक्टर, वकील, बँकेतल्या अधिकारी, प्राध्यापिका. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक आणि दर महिन्याला जागृतीचा एक विषय. कधी रक्तदान, कधी थॅलेसेमिया, कधी स्तनाच्या कर्करोगाची तपासणी, कधी हेल्मेट. फलक, दीपप्रज्वलन, व्याख्यान, फोटो, आणि मग खाणं. मी थट्टा करत नाही. त्या क्लबानं मला चारचौघींत उभं राहून बोलायला शिकवलं. पण फोटोची वेळ आली की ताई कधीच रांगेत नसायच्या. त्या आलेल्या बायकांत जाऊन बसलेल्या असायच्या आणि विचारत असायच्या, "आता घरी जाऊन काय करणार तुम्ही? सांगा बघू." व्याख्यानाची अशी परीक्षा घेतलेली वक्त्यांना आवडायची नाही.

त्यांच्याबद्दल मला पहिल्यापासून धाकयुक्त आश्चर्य वाटायचं. अक्कलकोटकडच्या कानडी घरातली बाई. नवरा लवकर गेला तेव्हा दुकान विका असं सगळ्यांनी सांगितलं, तर ह्या तिशीत पुन्हा शिकायला गेल्या, डोळे तपासायचा डिप्लोमा घेऊन आल्या आणि काचा घासायच्या यंत्रावर स्वतः बसल्या. गिऱ्हाईक दारातनं विचारायचं, "साहेब कुठं आहेत?" ताई मान वर न करता म्हणायच्या, "साहेब मीच. बसा." त्यांच्या बोटांची टोकं काच घासून घासून खरखरीत झाली होती. क्लबातल्या बायका नेलपॉलिशवर बोलायला लागल्या की त्या आपले हात टेबलावर पसरून ठेवायच्या आणि हसायच्या. मराठी, कानडी आणि शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांची तेलुगू, तिन्ही त्या सारख्याच बोलायच्या. समोरचा माणूस कुठल्या भाषेत लाजतो हे त्यांना कळायचं, आणि त्याच भाषेत त्या बोलायला लागायच्या.

आठ वर्षांपूर्वी क्लबानं नेत्रतपासणीचा महिना ठरवला. विडी कामगार बायकांसाठी शिबिर, त्यांच्या घरकुल वसाहतीतल्या समाजमंदिरात. गर्दी होणार म्हणून काम वाटून दिलं होतं. दाराजवळच्या टेबलावर मी. नाव विचारायचं, वय विचारायचं, बारीक अक्षरांचा तक्ता हातात द्यायचा, दिसतंय का विचारायचं आणि रजिस्टरात खूण करायची. ज्यांना दिसत नाही त्यांनी पुढं ताईंकडं जायचं. ताई जवळच्या चष्म्यांचे खोके उघडून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. बायका येत होत्या, तक्ता हातात घेत होत्या, "दिसतंय की," म्हणत होत्या आणि निघून जात होत्या. मी 'होय'वर खुणा करत होते. अर्ध्या सकाळीच क्लबाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलं की कष्टकरी भगिनींची दृष्टी उत्तम असल्याचं आढळून आलं. ताईंच्या समोर कुणीही नव्हतं. चष्मे घेऊन त्या एकट्याच बसल्या होत्या आणि चाळिशी न लागलेल्या पन्नाशीच्या बायकांकडं बघत होत्या.

त्या रांगेत माझी आई आली.

मला ती येणार हे माहीत नव्हतं. हिरवं लुगडं, पिशवी काखेत. मी मान खाली घातली. तिनंही ओळख दाखवली नाही. मी तक्ता पुढं केला, तिनं तो दोन हातांनी धरला, "दिसतंय," म्हणाली आणि परत दिला. जिला अक्षर येत नाही, जी गेली दोन वर्षं सुईत दोरा माझ्याकडनं ओवून घेत होती, जिच्या विड्या बारीक बघता येत नसल्यानं कारखान्यात बाद व्हायला लागल्या होत्या आणि जिला आता काम मिळेल की नाही याचा घोर लागला होता, तिच्या नावापुढं मी माझ्या हातानं 'होय' लिहिलं. आणि, "पुढच्या," म्हणाले.

शिबिर संपल्यावर खोके बांधताना ताई माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी साधा. "रेखा, त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई तुझ्या कोण?" मी म्हटलं, कोणत्या? त्या म्हणाल्या, "सगळ्यांना तू नाव विचारत होतीस. त्यांना न विचारता लिहिलंस."

हॉलच्या दुसऱ्या टोकावरनं त्यांनी एवढं टिपलं होतं. मी तिथंच खाली बसले आणि सगळं सांगितलं. आई, विड्या, बाद होणारा माल, तक्ता. आता ही बाई मला काय म्हणेल याची मी वाट बघत होते. ताईंनी खोक्यातला तक्ता उचलला. मग म्हणाल्या, "ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात आपण अक्षरं दिली, आणि वर दिसतंय का विचारलं. त्या बिचाऱ्या काय सांगतील? येत नाही म्हणण्यापेक्षा दिसतंय म्हणणं सोपं." मग तक्ता पिशवीत टाकला. "उद्या आईला दुकानात घेऊन ये. येताना सूप आण, पानं आण, दोरा आण."

दुसऱ्या दिवशी आई लाजत लाजत दुकानात आली. ताईंनी तिला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं नाही. काउंटरमागची जागा झाडून घेतली, सतरंजी टाकली, "वळा," म्हणाल्या आणि गुडघे दुखत असताना स्वतः तिच्यासमोर खाली बसल्या. शिंप्याची टेप घेतली आणि आईच्या डोळ्यापासून मांडीवरच्या सुपापर्यंतचं अंतर मोजलं. मला म्हणाल्या, "बघ, पुस्तक आपण जवळ धरतो. सूप त्याच्याहून लांब असतं. पुस्तकाचा नंबर दिला असता तर हिला पुन्हा धूसरच दिसलं असतं, आणि आपण म्हणालो असतो, बायका चष्मा वापरत नाहीत." मग चाचणीची चौकट आईच्या नाकावर चढवली, एकेक काच घालायची, काढायची. तिसऱ्या की चौथ्या काचेला आईचे हात थांबले. हातातलं पान तिनं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "पानाच्या शिरा दिसायल्यात की," ती हळूच म्हणाली. नंतर दोऱ्याकडं बघितलं, स्वतःच्या नखाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. ताई कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि चिठ्ठीवर नंबर लिहिला.

पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि शिबिर पुन्हा घ्यायचं म्हणाल्या. अध्यक्ष होत्या अनुराधा मॅडम, नावाजलेल्या वकील, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. त्यांनी सांगितलं, अहवाल गेला, फोटो छापून आले, पुढचा महिना रस्ता सुरक्षेचा ठरला आहे. सगळ्या माना हलल्या. ताई म्हणाल्या, "रस्ता एक महिना थांबेल. अहवाल चांगला झाला हे खरं. बायकांना दिसत नाही हेही खरं. तक्ता माझ्या दुकानातला, तो कुणाच्या हातात द्यायचा हे बघायचं काम माझं. चूक माझी आहे, तसं लिहून घ्या." आणि इतिवृत्तात त्यांनी ते खरोखर लिहून घ्यायला लावलं. मी चार खुर्च्या सोडून बसले होते. रजिस्टरातल्या त्या सगळ्या खुणा माझ्या होत्या. ताईंनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही, इतरांनीही बघू नये म्हणून.

दुसरं शिबिर समाजमंदिरात झालंच नाही. बायका सकाळी जिथं सुपं घेऊन बसतात तिथंच, गल्लीतल्या कट्ट्यांवर ताई महिनाभर जात राहिल्या. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर. डॉक्टर मॅडम, प्राध्यापिका, हळूहळू सगळ्याच खाली बसायला लागल्या. हसणं-खिदळणं असायचं. एकीनं चष्मा लावून गल्लीच्या टोकाकडं बघितलं आणि म्हणाली, नवरा येतोय तो धूसर दिसतोय. ताईंनी समजावलं की हा जवळच्या कामाचा आहे, लांबचं धूसरच दिसणार. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या, लई बरं हाय." ताई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आईच्या गल्लीतही आम्ही गेलो. आई चष्मा लावून वळत बसली होती. ताईंनी तिला नमस्कार केला. परतीच्या रिक्षात फक्त एवढं बोलल्या, "सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्याकडनं बाहेर जाणार नाही."

आठ वर्षांत गेलं नाही. आईच्या विड्या बाद व्हायच्या थांबल्या. क्लबाला त्या कामासाठी शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हाही ताई बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. जितकी वर्षं गेली तितकं ते अवघड होत गेलं. शोकसभेत मला बोलायला सांगितलं, मी पानाच्या शिरांची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "एका बाईंना..." एका बाईंना. ताईंच्या हार घातलेल्या फोटोसमोर मी हे म्हणाले. खाली येऊन बसले तेव्हा मला माझीच शिसारी आली.

मागच्या रविवारी आई म्हणाली, बाईंच्या मातीला यायला मिळालं न्हाय, दुकानात तरी घेऊन चल. मी तिला घेऊन गेले. आत गौरी होती आणि अनुराधा मॅडमही होत्या. पुढच्या शिबिरासाठी ताईंनी बाजूला काढलेल्या चष्म्यांच्या चौकटी दोघी निवडत होत्या. मॅडमनी आईकडं बघून सहज विचारलं, "या कोण?" 'घरी असते' हे उत्तर आता चालणार नव्हतं, ती तर समोर उभी होती.

"ही माझी आई," मी म्हटलं. "विड्या वळून हिनं मला शिकवलं. त्या शिबिरात हिच्या नावापुढं दिसतंय असं मी लिहिलं. माहीत असताना लिहिलं. चूक ताईंची नव्हती."

मॅडमनी हातातली चौकट खाली ठेवली. आई मात्र माझ्यावर चिडल्यासारखी झाली. "तुझी कशाची चूक," ती म्हणाली आणि मॅडमकडं वळली. "त्या कागदाकडं मी बघितलंच न्हाय, बाई. मी हिच्याकडं बघत हुते. एवढ्या शिकलेल्या बायकांत टेबलाला बसलीया, हातात पेन हाय... म्हटलं आपण हितं जास्त येळ थांबलो तर पोरीला अवघड हुईल. म्हणून दिसतंय म्हटलं नि निघाले." मग मला म्हणाली, "ताईंना ठावं हुतं हे. त्या दिशी हितंच, दुकानात, तू चहा सांगायला गेलीस तवाच सांगितलं मी. त्या म्हणाल्या, हे तिला तुमी सांगा, मी न्हाय सांगायची."

म्हणजे माझी गोष्ट त्यांनी आईपाशी बोलून दाखवली नाही आणि आईची माझ्यापाशी. आठ वर्षं दोन्ही त्यांच्याकडं होत्या. एका वाक्यात मला मोकळं करता आलं असतं, आणि त्यांनी ते केलं नाही, कारण ते वाक्य त्यांचं नव्हतं. मी पुष्कळ शिकलेली माणसं बघितली आहेत, पण एवढं थांबता येणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

मग अनुराधा मॅडमनी तपासणीची खुर्ची पुसली आणि आईला बसायला सांगितलं. "बसा आई." आई त्या उंच खुर्चीवर चढली, चपला खाली सोडल्या, आणि सवयीनं पाय वर घेऊन मांडी घालून बसली. गौरीनं चहा सांगितला. काउंटरमागं, ताई जिथं सतरंजी टाकून बसल्या होत्या, तिथली फरशी मोकळी होती. मी तिथं बसले.