मामाजींचा हेतू

स्वतःवरच पाळत ठेवणारा माणूस म्हणून उभ्या भंडारा जिल्ह्यात नंबर लावायचा झाला, तर पहिला आमच्या मामाजींचा लागेल आणि दुसरा बहुधा रिकामाच ठेवावा लागेल. मामाजी म्हणजे माझे सासरे. आंधळगावला मास्तर होते. निवृत्तीनंतर थोडी धानाची शेती आणि उरलेला सगळा वेळ देवाचा. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आमच्यातला भक्त माणूस कोण म्हटलं की सगळे यांच्याकडेच बोट दाखवायचे. त्यांना स्वतःला मात्र आपल्या भक्तीचा काडीचा भरवसा नव्हता. "हे देवासाठी करून राहिलो का लोकाईसाठी?" हा प्रश्न त्यांना भातातल्या खड्यासारखा दाताखाली यायचा, आणि तो आला की हातातलं सत्कर्म ते तिथंच टाकून द्यायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेलो, तर ते सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. मला ती नम्रता फार आवडली. पुढच्या खेपेस पाहतो तर थेट पहिल्या बाकावर, पाळकांच्या नाकासमोर! मी कारण विचारलं. "जवाईबापू, मांगं बसलो का लोक म्हणत, पाहा मास्तर किती लीन आहेत. मले ते गोड लागाले लागलं. म्हणून समोर आलो. आता म्हणतेत, मास्तरले मोठेपणा पायजे. हे बरं आहे." वर्षभरानं हेही त्यांना गोड लागू लागलं असावं, कारण मग ते खांबाआड बसू लागले, जिथून पाळक त्यांना दिसत नसत आणि ते पाळकांना. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत त्यांनी एकदा चहा सोडला. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कपाकडे आपण तुच्छतेनं पाहिलं असं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तडक घरी येऊन उभ्या उभ्या, अत्यंत दुःखी चेहऱ्यानं दोन कप चहा प्यायले.

पण खरी कमाल त्यांनी केली ती रोवणीच्या, धान लावण्याच्या दिवसांत. शेजारचा शेतकरी तापानं फणफणला होता आणि त्याची रोवणी अडली होती. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणून मामाजींनी दुपारची वेळ निवडली. आजूबाजूच्या शेतांतली सगळी बाया-माणसं झाडाखाली जेवायला बसली की हे शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरत आणि उपटून ठेवलेले पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, चिखलात खोचत. चार दुपारी कंबर मोडून त्यांनी अख्खी बांधी रोवली. फक्त एक झालं. ते पऱ्हे खालच्या, पाणी साचणाऱ्या बांधीसाठी राखलेल्या धानाचे होते आणि मामाजींनी ते वरच्या कोरडवट बांधीत लावले. ताप उतरल्यावर शेजाऱ्यानं बांधावर उभं राहून त्या अज्ञात उपकारकर्त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामाजी पुढे झाले, कबूल केलं आणि सगळ्यांदेखत भरपूर शिव्या खाल्ल्या. घरी आले ते लग्नाच्या नवरदेवासारखे खुलून. "या कामात काहीच खोट नाई वो! कोणी आभारबी नाई मानले!"

"आभार कायचे मानन जी तो? त्याचे पऱ्हे वाया गेले ना," सासूबाई म्हणाल्या. मामाजींचा चेहरा खर्रकन उतरला. आपला हेतू धुऊन काढण्याच्या नादात शेजाऱ्याचं काय झालं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले स्वतःचे पऱ्हे नेऊन त्याच्या खालच्या बांधीत रोवून दिले, आणि त्या दिवशी हेतूचा विषय काढला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र सासूबाईंना खरोखर लागलेली होती. मामाजी पूर्वी प्रार्थना फार सुंदर करत. घरोघरच्या प्रार्थनासभेत त्यांचा आवाज लागला की बायका पदरानं डोळे पुसत. एकदा प्रार्थना चालू असतानाच त्यांनी हळूच एक डोळा उघडून कोण कोण रडतंय ते पाहिलं. पाहिलं आणि त्यांची त्यांनाच इतकी शरम वाटली की त्या दिवसापासून त्यांनी तोंडानं प्रार्थना करणंच बंद केलं. सभेत नाही, जेवणाआधी नाही, बायकोजवळही नाही. जवळजवळ वीस वर्षं.

मग सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला दवाखान्यात त्यांना आत नेण्याआधी आम्ही खाटेभोवती उभे होतो. त्या म्हणाल्या, "आज तरी माझ्यासाठी तोंडानं प्रार्थना करा ना जी."

मामाजी घुटमळले. "माझा हेतू साफ नाई वो."

"मंग तसंच सांगा देवाले."

त्यांनी डोळे मिटले. तो जुना आवाज कुठल्या कुठे गेला होता. "देवा, मी हिच्यासाठी मागून नाई राहिलो. माझ्यासाठीच मागून राहिलो. हिच्याबिगर मले घरात राहता नाई येत. हिले ठेव." सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "आमेन म्हणा ना जी. थांबले काहून?" मी त्या दिवशी जितका रडलो तितका आयुष्यात कधी रडलो नाही.

सासूबाई बऱ्या झाल्या. चार वर्षं रोज सकाळी मामाजी त्यांच्याशेजारी बसून मोठ्यानं प्रार्थना करायचे, अडखळत, खोकत, आणि त्या कौतुकानं ऐकायच्या. मागच्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या.

परवा आंधळगावला गेलो होतो. सकाळी अंगणात तोंड धूत होतो तर आतून मामाजींचा आवाज आला. प्रार्थना चालली होती. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता काय मागता मामाजी?"

ते ओसरीवर बसले. "काहीच नाई, जवाईबापू. मागन्यासारखं काही उरलंच नाई. आयकालेबी कोणी नाई. तरी सकाळी तोंड उघडतेच. काहून, ते लय धुंडलं. हेतूच नाई सापडला."

जन्मभर ज्यासाठी हा माणूस स्वतःशी भांडला ते त्याला मिळालं आहे, हे मला कळत होतं. पण त्यांचा चेहरा पाहून तसं म्हणायला जीभ रेटेना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.