तक्त्यात न बसलेली ओळ

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते. फ्रिजवर आठवड्याच्या भाजीची, कपाटाच्या दाराला आतून बाबांच्या गोळ्यांची, फोनमध्ये सोसायटीच्या कामांची. सोसायटीची सेक्रेटरी मी दोन वर्षं आहे, कारण बाकीच्यांना मीटिंगचं इतिवृत्त लिहायचा कंटाळा येतो आणि मला येत नाही. त्यामुळे मुलीच्या शाळेतून इतिहासाचा प्रकल्प आला तेव्हा तिच्यापेक्षा मीच खूश झाले. अमेरिकेच्या इतिहासातलं कुठलंही एक दशक निवडायचं, त्यातल्या मोठ्या राजकीय आणि सामाजिक घटनांचा तक्ता करायचा, पालकांसमोर दहा मिनिटं बोलायचं, आणि जमल्यास त्या काळात तिथे राहिलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची.

"साठचं दशक घे," मी म्हटलं. "माणूस घरातच आहे."

माणूस म्हणजे माझे वडील. बेळगावात वाढलेले, इंजिनिअर झाल्यावर बासष्ट साली ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात शिकायला गेले, दोन वर्षांसाठी. आई गेल्यावर बेळगावचं घर बंद करून ते आमच्याकडे बंगळूरला, एचएसआर लेआउटमध्ये आले. अमेरिकेबद्दल ते फारसं बोलत नसत. लहानपणापासून आम्हाला दोनच गोष्टी माहीत होत्या: तिथे भेंडी मिळत नव्हती, आणि राष्ट्राध्यक्षांना गोळी घातली त्या दिवशी त्यांचे प्राध्यापक वर्गात रडले होते.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीची सर्व्हिस लिफ्ट बंद पडली. आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत. एक राहणाऱ्यांची, दुसरी सामानाची, कचऱ्याची आणि कामाला येणाऱ्या बायकांची. म्हणायला हा नियम जुना होता, पण पाळत कुणी नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी मीच तो तीन भाषांत टाइप केला, लॅमिनेट करून तळमजल्यावर लावला आणि वॉचमनला समजावून सांगितला. आता सुटा भाग यायला चार दिवस लागणार होते. ते चारही दिवस आमच्याकडे स्वयंपाकाला आणि भांड्यांना येणाऱ्या अक्का नऊ मजले चढून आल्या. मी त्यांना अक्का म्हणते, त्याही मला अक्का म्हणतात.

पहिल्या दिवशी त्या दारातच बसल्या. बाबांनी उठून पाणी आणून दिलं.

"ती दुसरी लिफ्ट चालू आहे ना गं?" त्यांनी मला विचारलं.

"नियम आहे, बाबा. एकीला सोडलं की सगळ्या येतात."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. वाद नको असला की बाबा कन्नडात शिरतात.

चौथ्या दिवशी, रविवारी, मुलाखत झाली. मुलीने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. मी शेजारी वही घेऊन बसले, त्यात तीन रकाने आखून: साल, घटना, परिणाम. बाबा छान बोलत होते. राष्ट्राध्यक्षांची हत्या. काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायला बंदी करणारा कायदा झाला तेव्हा ते परतीच्या बोटीत होते. मग व्हिएतनामच्या लढाईवर गेलेल्या वर्गमित्राची पत्रं. चंद्रावर माणूस उतरला ते बेळगावात शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलं. माझी वही भराभर भरत होती.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "पण ती घटना नव्हे."

"सांगा ना, आजोबा."

"आमच्या वर्कशॉपमध्ये एक मदतनीस होते. काळे गृहस्थ, माझ्या वडिलांच्या वयाचे. मला लेथ शिकवला तो त्यांनी, प्राध्यापकांनी नाही. एकदा आम्ही दोघं ट्रक घेऊन पलीकडच्या गावात सामान आणायला गेलो. दुपार टळली. एका दुकानात काउंटरवर खायला मिळायचं, तिथे शिरलो. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, कुठला तू? मी म्हटलं, इंडियाचा. मग बस, म्हणाली. आणि त्यांना म्हणाली, तू मागच्या खिडकीवर जा."

"मग?"

"मी बसलो." बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "चीज सँडविच खाल्लं, कॉफी प्यायलो. भूक लागली होती. परत येताना ते गाडी चालवता चालवता म्हणाले, सँडविच कसं होतं? मी म्हटलं, चांगलं होतं."

आत अक्का भांडी लावत होत्या. बाबा पुढेही काही बोलले, मी वहीत बघत होते.

"तुझ्या आजीलासुद्धा हे सांगितलं नव्हतं," ते मुलीला म्हणाले. "तुझ्या शाळेत सांग. मला चालेल."

"साल कुठलं, बाबा?" मी विचारलं.

"त्रेसष्ट असेल. नाहीतर बासष्टची अखेर. नाही आठवत."

मी ते वहीत उतरवलं नाही. भाषणही मीच टाइप केलं, मुलीची परीक्षा तोंडावर होती म्हणून.

"आई, आजोबांचं सँडविच कुठाय?" तिने वाचून विचारलं. "तेच तर बेस्ट होतं."

"त्याला साल नाही. टीचरनी विचारलं तर काय सांगशील?"

"टीचर नाही विचारत. तूच विचारतेस."

"आणि सगळ्या पालकांसमोर आजोबांनाच कमीपणा येईल."

ती कागद घेऊन पाठ करायला गेली. तिसरं कारण मी तिला सांगितलं नाही. ते तळमजल्यावर लॅमिनेट होऊन लटकत होतं.

कार्यक्रमाला बाबा कोट घालून आले. पहिल्या रांगेत बसले, कानातलं यंत्र दोनदा नीट केलं. मुलगी न अडखळता बोलली. चंद्रावर माणूस उतरला, टाळ्या झाल्या, ती वाकून खाली उतरली. बाबा मात्र पुढे झुकून तसेच बसून राहिले, अजून काही यायचं असल्यासारखे.

घरी जाताना सिग्नलला ते म्हणाले, "ते राहिलं वाटतं."

"वेळ कमी पडला, बाबा."

"सरी." आणि थोड्या वेळाने, "पोरगी चांगली बोलली."

भाषण आठ मिनिटांत संपलं होतं. वेळ मीच मोजत होते.

लिफ्ट एव्हाना दुरुस्त झाली होती, त्यामुळे तो विषय घरात कुणी काढला नाही. पुढच्या आठवड्यात एका सकाळी भाजी घेऊन येताना खाली अक्का भेटल्या. मी आमच्या लिफ्टचं दार धरून म्हटलं, "या ना, अक्का, इकडूनच."

"बेडा, अक्का." त्यांनी नको म्हणून हात हलवला. "वॉचमन तुम्हाला काय बोलणार? बोलणार मला." आणि त्या पलीकडच्या लिफ्टसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मी एकटी वर गेले. त्यांच्या आधी पोचले.

त्या दिवशी दुपारी मी तक्ता पुन्हा उघडला आणि एक ओळ वाढवली. सालाचा रकाना रिकामा सोडला. घटना: 'दुकानात मला काउंटरवर बसवलं, सहकाऱ्याला मागच्या खिडकीतून जेवण दिलं.' परिणामाच्या रकान्यात काय घालावं ते सुचेना. छापून चहाबरोबर बाबांसमोर ठेवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पेन दे."

'जेवण दिलं' यावर त्यांनी काट मारली.

"ते खिडकीवर गेलेच नाहीत. ट्रकमध्ये जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत उपाशी. मी सांगितलं होतं."

"माझं लक्ष नव्हतं, बाबा."

"लक्ष होतं तुझं," ते म्हणाले. रागाने नाही. मग परिणामाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'मी चांगलं होतं म्हणालो.' कागद माझ्याकडे सरकवला आणि चहा प्यायले.

तो कागद मुलीने तक्त्याच्या खाली चिकटवला आहे. तक्ता आता घरीच आहे, तिच्या खोलीत. गुण केव्हाच मिळालेत.

सोसायटीची मीटिंग पुढच्या शनिवारी आहे. लिफ्टचा विषय मी पहिला घातलाय, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने तळमजल्यावरची नोटीस उतरवता येईल. तोवर ती तिथेच आहे, दिवसातून चार वेळा मी तिच्यासमोरून जाते. लावताना मी मीटिंग घेतली नव्हती.