हवालदाराचा ओव्हरटाइम

पनवेलची ती चौकशी आठवली की आजही हसू येतं, आणि मागोमाग त्या हवालदाराची आठवण येते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तिथे फौजदार होतो. रविवारी भरदुपारी पळस्प्याच्या एका गोदामातून तांब्याच्या तारेची बंडलं गेली. मालकाने संशय घेतला तो राखणदारावर. म्हातारा हात जोडून एकच सांगत होता, "मी जेवाया गेलतो सायेब, माजा काय हात नाय." माझा विश्वास बसत होता, पण पुरावा नव्हता. सोमवार संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही, तर त्याची अटक अटळ होती.

सोमवारी सकाळी फाट्यावरच्या टपरीवाल्याने खबर दिली. जवळच्या कारखान्यातल्या एका फिटरला त्याने टेम्पोत बंडलं चढवताना पाहिलं होतं. फिटरला ठाण्यात आणलं. गडी निवांत! "रविवारी मी दिवसभर ओव्हरटाइमवर होतो. कार्ड पंच हाय, बगा." हजेरीचं कार्ड खरंच पंच होतं. मी हात टेकले.

शेजारी आमचा हवालदार उभा होता. शनिवारच्या बंदोबस्तापासून घरी गेला नव्हता. त्याने कुतूहलाने विचारलं, "दुप्पट पगार मिळतो ना रे? आणि खायला काय देतात?"

"हवालदार, चौकशी चाललीय की खानावळ?" मी खेकसलो.

"रोजचाच, उसळ-पाव," फिटर म्हणाला.

हवालदाराने कारखान्यात फोन लावला. रविवारी कँटीन बंद होतं. मॅनेजरने ओव्हरटाइमवाल्यांना बाहेरून बिर्याणी मागवली होती! बिर्याणीचं नाव काढताच फिटरचा चेहरा पडला. कार्ड दोस्ताने पंच केल्याचं त्याने कबूल केलं, माल कुठे ठेवलाय तेही सांगितलं. म्हातारा सुटला. माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला हवालदाराकडे वळवलं.

कामगाराला जादा तासांचे दुप्पट मिळतात. पोलीस मात्र चोवीस तास ड्युटीवरच, असं कायदा धरून चालतो. मग जादा तास मोजणार कोण? हवालदाराला द्यायला माझ्या हातात होती फक्त एक सुट्टी. ती दिली.

मंगळवारी त्याची बायको ठाण्यात आली. डोळे रडून सुजलेले. "साहेब, ह्यांचं काय चुकलं? सस्पेंड केलंत का?"

"नाही हो वहिनी. कुणी सांगितलं?"

"मग दिवसाढवळ्या घरी कसे झोपलेत?"

सगळं ठाणं हसलं. मला मात्र हसता येईना. वर्दीच्या जादा तासांची किंमत पोलिसांच्या बायका मोजतात, हे त्या दिवशी कळलं. त्या माउलीचे उपकार माझ्यावर आहेत. पोलिसालाही ओव्हरटाइम मिळायला हवा, असं मी तेव्हापासून प्रत्येक साहेबाला ठणकावून सांगत आलो.