वेग टिकेना

कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की अण्णा मालकाकडे बघतही नसत. आधी डब्यावर तळहात ठेवायचा आणि त्यालाच विचारायचं, "काय झाला गो?" मालकाची पाळी नंतर. "माणूस आपली चूक लपवता, मशीन लपवत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर ते आणि काकू राहत. गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर चाळिशीत कॉम्प्युटर उघडायला शिकले, तेही इंग्रजीची बोंब असताना.

मी लोअर परळच्या एका ऑफिससाठी घरी बसून कॉम्प्युटरवर इमारतींच्या फिल्म बनवते. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून घरात माझाच पगार. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात साहेबांनी बजावलं, "सोमवारी सकाळी फिल्म हवी. नाही जमलं तर दुसरी नोकरी बघ." माझ्या जुन्या मशीनला चित्रांतून फिल्म तयार करायला रात्रंदिवस चालून सहा दिवस लागणार होते आणि हातात होते चार. मी रडकुंडीला येऊन अण्णांकडे गेले.

"ओव्हरक्लॉक करूया," अण्णा म्हणाले. म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त जोरात पळवायचं.

आमच्या घरी येऊन त्यांनी वेग वाढवला, सेव्ह केला. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि वेग होता तिथेच. पुन्हा वाढवला, पुन्हा तेच. त्यांनी आतली छोटी बॅटरी बदलली, वेग थोडा कमी धरून पाहिला, ओळखीच्या दुकानातून दुसरा पॉवर सप्लाय आणला. प्रत्येक वेळी चालू काम थांबवावं लागे, म्हणजे माझे तासही जात. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी मी ताट तसंच झाकून ठेवलं. अण्णाही जेवले नव्हते. "सेटिंग कोण पुसता ह्या?" एवढंच पुटपुटत होते.

शेवटी त्यांनी मोठं ग्राफिक्स कार्ड उपसून काढलं आणि टॉर्च मारून आत वाकले. कार्डाखाली, सेटिंग पुसण्यासाठी असतात त्या दोन पिना एकमेकींना जोडून, दमट हवेत अजून ओलसर राहिलेलं कुंकू बसलं होतं.

दसऱ्याला अण्णा चाळीतल्या सगळ्या मशीनची पूजा करत. गिरणीत साच्यांना, म्हणजे मागांना, लावायचे तसं कुंकू कालवून, डबा उघडून आत बोट टेकवायचे. मीच तेव्हा हौसेने डबा उघडून दिला होता. पण ते मला त्या क्षणी आठवलं नाही.

त्यांनी कुंकू पुसलं, वेग वाढवला आणि तो टिकला. पण मी हिशोब केला, तर आता पूर्ण वेगानेही सोमवार गाठता येत नव्हता. माझा तोल गेला. "तुमच्या अडाणीपणाने माझी नोकरी घालवलीत!" मी ओरडले. बाबा आतून ऐकत होते.

"चुकी माझी हा, बाय," अण्णा म्हणाले आणि चपला घालून खाली गेले.

सोमवारी दुपारी साहेबांचाच फोन आला. "बुधवारी दे. आणि त्या आजोबांना घरी घेऊन जा. सकाळपासून गेटवर उभे आहेत. 'चूक माझी आहे, पोरीला काढू नका,' एवढंच बोलतात."

नोकरी राहिली. संध्याकाळी मी माफी मागायला गेले, पण तोंड उघडायच्या आधीच अण्णांनी विचारलं, "वेग टिकलो ना? मग झाला तर." मलाही सुटल्यासारखं वाटलं. उद्या बोलू म्हणून परत आले. तो उद्या मी सहा महिने ढकलला आणि एप्रिलात अण्णा झोपेतच गेले.

तेराव्याला काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. "तुझं ऑफिस उभं आहे ती ह्यांच्याच गिरणीची जागा गो," त्या म्हणाल्या. "बंद पडल्यापासून त्या गेटासमोरून कधी गेले नाय. लांबचा वळसा घ्यायचे. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट मागून घेतला."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मी त्या माणसाला अडाणी म्हटलं होतं, आणि तो शब्द परत घ्यायला सहा महिने मिळूनही घेतला नव्हता.