तिच्या चार ठोक्यांची जागा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझा थोरला भाऊ पलटणीचा स्वयंपाकी म्हणून आफ्रिकेत होता. त्याच्या तळाजवळच्या एका गावात लोक संध्याकाळी वाजवायला जमत. ऐकणारा वेगळा कोणी नसे. प्रत्येकाकडे दोन-चार ठोके, आणि सगळ्यांचे मिळून गाणं. बायका धान्य कांडत, तेही त्यातच. वऱ्हाडात मानोऱ्याजवळच्या आमच्या गावी परतल्यावर दादा वर्षानुवर्षं हेच सांगायचा.

एकोणीसशे पन्नासनंतर त्याने आमच्या भजनी मंडळासाठी तसली एक रचना बसवायला घेतली. एकूण बारा मात्रा. अंगणातल्या उखळात मुसळाचे चार ठोके वहिनीचे आणि चार माझ्या बायकोचे. खंजिरीचे तीन. माझ्याकडे अकराव्या मात्रेवर एकच टाळ.

"बायाइले भजनात कांडाले बसवतं काय?" खंजिरीवाला म्हणाला. "मंग मिरच्याई टाक उखळात. एका कामात दोन कामं."

दादाने मिरच्या नाही, ओंजळभर ज्वारी टाकली.

मी कापसाच्या जिनात वजनकाट्यावर कामाला होतो. मोजणं हा माझा धंदा. तरी माझा टाळ उशिरा पडायचा. बायकोचा ठोका कधी चुकला नाही.

"मोजून काहून राह्यले तुमी?" ती म्हणायची. "जाऊबाईचं मुसळ वर गेलं का माह्यं खाली. मोजाले वेळ कुठी हाये?"

पोळ्याला पारावर वाजवायचं ठरलं होतं. त्याआधीच ती तापाने आजारी पडली. नाल्याला पूर होता, बैलगाडी अलीकडच्या काठावरच अडली. दवाखाना गाठेपर्यंत ती गेली.

पोळा सुतकात गेला. पुढे दिवाळीनंतर मंडळी पुन्हा अंगणात बसू लागली. तिचे चार ठोके रिकामे सोडून वाजवायची. पहिल्या दिवशी मला बसवेना. मग लक्षात आलं, ती जागा आली की ती तिथं आहे असं वाटतं. चार वेळा. मी त्यासाठी रोज जाऊ लागलो.

एक दिवस दादा म्हणाला, "तिच्या जागी कोनाले तरी बसवा लागन."

"राहू दे तशीच," मी म्हणालो.

"तिकडं आफ्रिकेत एक म्हातारा मेला, तं दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा त्याच्या ढोलावर बसला. रडत होता अन् वाजवत होता. मी पाह्यलं. जागा रिकामी ठेवनं म्हंजे त्या मानसाले गान्यातून काढनं, असं म्हनत थे लोक."

शेजारची एक बाई बसवून पाहिली. वहिनीने दोन फेऱ्यांतच मुसळ थांबवलं. "हे बाई घाई करते," ती म्हणाली. आणि माझ्याकडे पाहून, "भाऊजी, तुमी बसा. तुमाले तिचे ठोके ठाव हायेत."

आमच्याकडे पुरुष मुसळ धरत नाहीत. कोणी हसेल असं वाटलं, पण खंजिरीवालाही खाली पाहत होता. माझा टाळ दादाने घेतला.

सुरुवातीला मी मोजलं आणि चुकलो. मग मोजणं सोडून वहिनीच्या मुसळाकडे पाहिलं. ते वर गेलं, माझं खाली आलं. लय बसली. ती गेल्यापासून बाराही मात्रा प्रथमच नीट भरल्या. दादा डोळे मिटून ऐकत होता. त्याला हवं होतं तेच हे, मला कळत होतं. कोणी थांबेना, म्हणून मीही थांबलो नाही.

पण त्या चार जागी आता माझाच आवाज होता. मी कान देऊन ऐकलं. दुसरं काही ऐकू आलं नाही.