भरून जाणाऱ्या गाड्या

देवासला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत असताना आम्ही अंतराळातल्या व्यापाराचा एक खेळ खेळायचो. पुण्याच्या आतेभावानं त्याच्या इंग्रजी नियमपुस्तकाची झेरॉक्स आणून दिली होती. मी तेव्हा बारावीत. ग्रह मी रचायची, तिथले भाव मी ठरवायची. धाकटा भाऊ आणि शेजारची मैत्रीण एकेका मालवाहू जहाजाचे कॅप्टन. फासे सापशिडीतले.

दोन रविवारांत खेळ नासला. एका ग्रहावर खनिज स्वस्त, दुसऱ्यावर महाग. भाऊ नुसत्या येरझाऱ्या घालून गडगंज झाला, मग मैत्रीणही. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू भी रानी, मैं भी रानी, कौन भरेगा पानी?" मला फार राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

शेवटी मी बाबांना विचारलं. ते कारखान्यात डिस्पॅचला होते. कोणता ट्रक काय घेऊन आला आणि काय घेऊन गेला, हे बघणं त्यांचं काम. अंतराळाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण प्रश्न त्यांनी थट्टेवारी नेला नाही.

"जिथे भाव जास्त, तिथे तुझा एकटाच कॅप्टन जातो? बाकीचे काय सो रहे हैं? चार जण पोचले की भाव पडलाच. आणि वापस येताना काय आणतो तो?"

"काही नाही."

"मग दोन्हीकडच्या डिझेलचा खर्च जातानाच्या मालावर चढव. कुक्षीकडून कापूस आणणारा ट्रकवाला परतताना मीठ, सिमेंट, काही ना काही शोधतोच. जिथून आणायला काही नाही, तिथे सगळंच महाग असतं, बेटा."

मी तसं केलं आणि खेळात जीव आला. आता कॅप्टन निघण्याआधी विचार करत, भांडत, चुकत. बाबा रोज जेवताना एखादी गोष्ट सांगत आणि मी ती ग्रहांवर नेत असे. इतकं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. एकदा मी विचारलं, एखाद्या ग्रहावरचा कारखाना बंद पडणार असेल, तर कॅप्टनला आधी कसं कळावं?

बाबांचा घास हातातच राहिला. "कच्चा माल आणणाऱ्या गाड्या कमी होतात," ते म्हणाले. "पण गोदामातला माल बाहेर जातच असतो. लोकांना वाटतं, धंदा जोरात आहे. गाड्या रिकाम्या येतात आणि भरून जातात." मग म्हणाले, "हे खेळातच ठेव. बाहेर बोललीस तर माझी नोकरी आधी जाईल." त्याच आठवड्यात त्यांनी इंदूरला अर्ज टाकला.

मैत्रिणीचे वडील त्याच कारखान्यात फिटर होते. त्यांना पीथमपूरच्या एका कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलेलं होतं आणि शनिवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. हे मला ठाऊक होतं, क्वार्टरच्या साऱ्या लाइनीला ठाऊक होतं.

त्या मंगळवारी सुट्टी होती. मी तो कारखाना बंद पडणारा ग्रह मांडला. जहाजं रिकामी उतरत होती आणि भरून उडत होती. मैत्रिणीनं तिथे जहाजदुरुस्तीचं दुकान काढलेलं.

"विकून निघायचंय का?" मी विचारलं.

"कशाला? इतका माल निघतोय," ती म्हणाली. "आमचे पप्पाही तेच म्हणतात. रोज इतक्या गाड्या भरून चालल्यात, पीथमपूरला कशाला जायचं?"

खेळ चालवणाऱ्यानं खेळाडूला आतलं सांगायचं नाही, असा नियम होता. मी त्या नियमाच्या आड लपले आणि फासे टाकले. ग्रह बंद पडला, तिचं दुकान बुडालं. "क्या भिया, फँसा दिया," असं इंदुरी थाटात म्हणत ती हसली. मीही हसले. शनिवारपर्यंत चार दिवस होते, आणि चारही दिवस ती सकाळी माझ्याबरोबर शाळेत येत होती.

दोन महिन्यांनी गेटला कुलूप लागलं. तोवर पीथमपूरची जागा भरली होती. तिचे वडील तिरला गावी मेहुण्याच्या पिठाच्या चक्कीवर बसले. बाबांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. माझ्यासमोर मात्र ती बसली होती, आणि तिचं उत्तर चुकलेलं मला दिसत होतं.

त्यांचं सामान टेंपोत चढवताना मी भांड्यांची पोती धरली. मैत्रीण हात झटकत जवळ आली.

"तो ग्रह गं," ती म्हणाली, "बंद पडलेला. तो कुठून काढलास तू?"

"पुस्तकात होता," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. "पप्पांना सांगितलं होतं मी त्या ग्रहाचं तेव्हाच. ते म्हणाले, पोरींचा खेळ आहे, त्यात कसलं खरं."