बिनचाकाची गाडी

कचेरीत जुने कागद मुदत संपली की नष्ट करता येतात. त्याची यादी असते, खाली सही असते. किश्शांना तशी सोय नाही, ते साचतच जातात. शहागडला नामदेवच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आम्ही तीन म्हातारे बसतो: नामदेव, वेल्डिंगवाले गफूरभाई आणि मी, निवृत्त कारकून. तिथं गेल्या दोन वर्षांत जे साचलं, ते एकाच यंत्राचं आहे. उतरवून ठेवतो आणि मोकळा होतो.

*

नामदेवची थोरली बहीण, अक्का, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर एकटी राहते. तिच्या घराचे पत्रे आमच्या घाटावरून दिसतात. मणक्याला गचका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं. पलीकडचा रस्ता असा, की धडधाकट माणसालाही आपल्याला मणका आहे हे तिथं कळतं. नदीत गाळ, होडी रुतते. आणि अक्काला दिवाळीला माहेरी यायचं होतं.

नामदेवनं मोबाइलवर हॉवरक्राफ्ट पाहिलं. पोटाखाली हवा कोंडायची आणि त्या हवेवर सरकत जायचं. गाळ असो, पाणी असो.

"जमिनीला लागतच न्हाई, मंग गचका कुठून बसंल?"

"याच दिवाळीला ना?" मी विचारलं.

"बिलकुल."

ही दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट.

*

प्लायवूडचा तळ, ई-रिक्षाची बॅटरी आणि मोटारी, मोसंबीच्या फवारणी ब्लोअरचे दोन पंखे: एक खाली हवा भरायला, एक मागून ढकलायला. हवा कोंडायला भोवतीनं झालर, ती शेततळ्याच्या जाड प्लास्टिकची. गफूरभाईंनी सांगाडा वेल्ड केला, एक चक्कर मारली आणि विचारलं, "ब्रेक किधर है?"

"ब्रेक न्हाई."

"फिर रुकता कैसा?"

"हवा बंद केली की बसतं जागेवर."

गफूरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "बराबर. क्लर्कसाब के जैसा."

*

नवी गाडी म्हटली की चाकाखाली लिंबू आलं. नामदेवची बायको, आमच्या वहिनी, लिंबू घेऊन यंत्राभोवती दोनदा फिरल्या. चाक सापडेना. शेवटी त्यांनी ते झालरीखाली सरकवलं. नामदेवनं पंखा लावला, यंत्र चार बोटं उठलं आणि लिंबू खालून सुटून माझ्या नडगीवर बसलं. यंत्र पहिल्यांदा उठलं तो क्षण मला पाहता आला नाही. मी नडगी धरून बसलो होतो.

मग वहिनींनी समोर नारळ फोडला. करवंटीच्या कपच्यांनी झालर फाटली. पंक्चरचं ठिगळ बसून सुकेपर्यंत आठवडा गेला.

"भाभी," गफूरभाई हात जोडून म्हणाले, "दुबारा पूजा मत करना."

*

नदीत उतरवायला परवानगी लागेल, असं मीच म्हणालो. चाळीस वर्षांची खोड. कचेरीत गेलो तर टेबलावर माझ्याच हाताखाली शिकलेला कारकून. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, चाक न्हाई म्हणजे गाडी न्हाई. पाण्याला टेकत न्हाई म्हणजे होडी न्हाई. कोणत्या रकान्यात घेऊ?"

"तूच ठरव."

तीन महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा होता: "वाहनाच्या चाकांचा फोटो जोडावा."

समजलं नाही की त्रुटी काढायची, हे मीच त्याला शिकवलं होतं. तो इतकं चांगलं शिकलाय याची कल्पना नव्हती.

तोवर पहिली दिवाळी होऊन गेली. अक्काचा फोन आला, "नाम्या, उडतंय का रे ते?"

"उडत न्हाई अक्का, तरंगतं."

"मंग तरंगत ये. म्या बसूनच राह्यले."

रकाना सापडला नाही, तशी मनाईही सापडली नाही. यंत्र पाण्यात उतरलं.

*

यंदाच्या भाऊबीजेला नामदेव गेला आणि अक्काला घेऊन आला. घडी घातलेल्या गोधडीवर ती बसली होती, मांडीवर बासुंदीचं उघडं पातेलं. घाटावर आम्ही पातेल्यात वाकून पाहिलं. एक थेंब सांडला नव्हता. घाटापासून घरापर्यंत तिला चौघांनी खुर्चीवरून नेलं.

ती तीन दिवसांसाठी आली होती.

चौथ्या दिवशी तिला पोचवायला नामदेवनं यंत्र काढलं, तर बॅटरी रिकामी. त्यानं ती घरात आणून दिवसभर चार्जिंगला लावली. संध्याकाळी पाहिलं, रिकामीच. त्यानं वायर बदलली. मग चार्जर उघडून पुन्हा बसवला. पुन्हा रिकामी. नुसत्या वासावरून जळालेली मोटार ओळखणारा माणूस हा, आठवडाभर त्या चार्जरपुढं मांडी घालून बसला.

अक्काची खाट पुढच्या खोलीत. चार्जरचं भिंतीवरचं बटण तिच्या उशाशी.

मी म्हणालो, "नामदेव, ते बटण जरा—"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. नोकरीत मी नऊ साहेब काढले. असं एकानंही पाहिलं नव्हतं.

"बटण चांगलं आहे," मी म्हणालो.

नामदेवनं बटणाकडं पाहिलं, मग अक्काकडं. चार्जर गुंडाळून त्यानं खाटेखाली सरकवला.

"ह्याच्यात दम न्हाई, अक्का. नवा मागवावा लागंल."

"मागव की," अक्का म्हणाली. "जल्दी काय न्हाई."